शुगर आहे? मग पाय बधिर होतायत का हे आधीच कसं ओळखायचं

शुगरवाल्या बऱ्याच लोकांना वाटतं की पाय बधिर व्हायला लागले की आपल्याला आपोआप कळेलच, मग जाऊ डॉक्टरकडे. सगळी गोची इथेच आहे. ज्यांना मुंग्या येतात, तळपाय जळजळतात, रात्री पायावर पांघरूण नको होतं ते निदान तक्रार घेऊन जातात तरी, पण शुगरने नसा (जाणीव मेंदूपर्यंत नेणारे मज्जातंतू) खराब झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना असलं काहीच होत नाही, दुखत नाही म्हणजे पाय ठणठणीत असं धरून चालतात आणि मग कधीतरी मोजा काढल्यावर रक्ताचा डाग दिसतो तेव्हा कळतं की दिवसभर बुटात खडा होता. त्यामुळे त्रासाची वाट बघायची नाही, आधी अंदाज बांधायचा आणि मग तपासायचं.

अंदाजासाठी स्वतःला काही साधे प्रश्न विचारा. शुगर किती वर्षांपासून आहे, एचबीए1सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) वर्षानुवर्षं चढाच राहिलाय का, वय किती, बीपी आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त आहेत का, वजन किती, सिगारेट आहे का. आणि हो, उंचीसुद्धा बघा! हसू नका, शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि लांब नसा आधी मार खातात, म्हणून उंच माणसाला धोका थोडा जास्तच. बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन वर सरकतो तो याच कारणाने, आणि दोन्ही पायांत साधारण सारखाच असतो. एकाच पायात असेल तर सगळं शुगरवर ढकलू नका, कमरेत नस दबलीय का वगैरे बघून घ्या. डोळ्याच्या पडद्यावर किंवा किडनीवर शुगरचा परिणाम आधीच दिसला असेल तर नसा तेवढ्या वाचल्या असतील अशी आशा ठेवू नका. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी12 एकदा चेक करा, कारण ते कमी झालं तरी असाच बधिरपणा येतो आणि तो वेळेत पकडला तर सुधारूही शकतो.

आता घरी करायची टेस्ट. हिला इप्सविच टच टेस्ट म्हणतात, काही सामान लागत नाही, फक्त दुसरा माणूस लागतो (स्वतःची स्वतः करून उपयोग नाही, हाताला कळतंच ना कुठे लावलंय ते). मोजे काढून आडवे व्हा, डोळे मिटा. समोरच्याने तर्जनीचं टोक हलकेच पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद टेकवायचं, दाबायचं नाही, टिचकी नाही, गुदगुल्या तर अजिबात नाही. क्रम असा, उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट आणि शेवटी डावं मधलं. जाणवलं की उजवा किंवा डावा एवढंच म्हणायचं. मध्येच "कळलं का?" विचारू नका, विचारलं की माणूस हो म्हणतोच. आणि नाही कळलं तर त्याच बोटाला पुन्हा हात लावून बघायचं नाही, तो नापासच धरायचा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर जाणीव कमी झाल्याची शक्यता मोठी आहे. घरी सुईने टोचून बघायचा शहाणपणा मात्र कोणी करू नये.

सगळं पास झालात तरी दवाखान्यातली तपासणी सुटत नाही. टाइप 2 असेल तर निदान झाल्यापासूनच, टाइप 1 असेल तर पाच वर्षांनंतर, आणि मग दरवर्षी. तिथे 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला तो वाकेपर्यंत टेकवतात (घट्ट्यावर टेकवला तर निकाल चुकतो, तसं करत असतील तर खुशाल सांगा), सोबत 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा) अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का बघतात. काही ठिकाणी बायोथेसिओमीटर असतो, म्हणजे कंप हळूहळू वाढवत नेणारं यंत्र, त्यात 25 व्होल्टच्या वर गेल्यावरच कंप कळत असेल तर जखम होण्याचा धोका बराच वाढलेला असतो.

जाणीव गेलीय असं निघालं तर सहा ते बारा महिन्यांनी, आणि आधी जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवायचे. घरी रोज तळवे आणि बोटांमधल्या फटी बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा, बूट घालण्याआधी आत हात फिरवा, गरम पाणी पायाने नाही तर कोपराने तपासा, अनवाणी चालणं घरातसुद्धा बंद. आणि असा बधिर पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागला तर फार दुखत नसलं तरी मालिश वगैरे न करता त्या पायावर भार देणं थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आतली हाडं मोडत असू शकतात.