हवा पकडणारा पंप आणि एक केल्व्हिनचे टार्गेट

वरुड तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत विहिरीवरचा पंप पाणी उचलेनासा झाला की तो कुठल्या जोडातून हवा पकडतो आहे हे शोधून तिथे शेणाचा लेप लावणे, हे माझे लहानपणीचे काम होते. ध्रुवीकृत टार्गेट (म्हणजे अणुकेंद्रकांचे छोटे चुंबक एका दिशेने वळवलेला पदार्थ, ज्यावर न्यूट्रॉनसारख्या कणांचा झोत सोडतात) बनवण्याच्या कामात पुढे मला सर्वाधिक उपयोग याच सवयीचा झाला, म्हणून या क्षेत्राचा विचार करणाऱ्या आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे.

1957 साली भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांच्या गटाने कोबाल्ट-60 ची अणुकेंद्रके केल्व्हिनच्या (शून्य केल्व्हिन म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअस) सुमारे शंभराव्या भागापर्यंत थंड करून एका दिशेने वळवली आणि क्षीण बल (किरणोत्सारी बीटा-ऱ्हासामागचे बल) डाव्या-उजव्यात भेद करते हे दाखवले. आज प्रश्न त्याच्या पुढचा आहे : काळाची दिशा उलटली तर निसर्गाचे नियम तसेच राहतात का? लँथॅनम-139 मध्ये 0.734 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉन अनुनादाजवळ (ज्या ऊर्जेला केंद्रक न्यूट्रॉन विशेष सहज पकडते) डाव्या-उजव्यातला तो भेद जवळजवळ दहा टक्क्यांपर्यंत वाढतो, एरवी तो एक कोटीत एक इतकाच असतो. मात्र काळाच्या प्रश्नासाठी नुसते न्यूट्रॉन ध्रुवीकृत असून भागत नाही, लँथॅनमची केंद्रकेही एका दिशेने वळलेली लागतात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

अडचण किती मोठी आहे ते प्रोटॉनच्या उदाहरणावरून कळते. एक केल्व्हिन तापमान आणि 2.5 टेस्ला चुंबकीय क्षेत्र असतानाही प्रोटॉनचे ध्रुवीकरण फक्त 0.25 टक्के होते, तर त्याच परिस्थितीत इलेक्ट्रॉनचे सुमारे 93 टक्के होते. म्हणून पदार्थात अयुग्मित (जोडीदार नसलेले) इलेक्ट्रॉन असलेले अणू थोडे मिसळतात (लँथॅनम ॲल्युमिनेटच्या स्फटिकात निओडिमियम) आणि सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्ह) साहाय्याने इलेक्ट्रॉनचे ध्रुवीकरण केंद्रकांकडे वळवतात. मिश्रण कमी पडले तर ध्रुवीकरण चढत नाही, जास्त झाले तर टिकत नाही. म्हणजे हे काम निम्मे स्फटिक बनवण्याचेच आहे.

उरलेले निम्मे नळजोडणीचे. माझ्या पहिल्या वर्षी क्रायोस्टॅट (टार्गेट द्रव हेलियमने थंड ठेवणारे निर्वात भांडे) खोलीच्या तापमानाला अगदी घट्ट होता, पण हेलियम 2.17 केल्व्हिनच्या खाली जाऊन अतिप्रवाही (अगदी बारीक फटीतूनही विनाअडथळा वाहणारे) झाले की निर्वात बिघडायचा. तीन आठवड्यांनी इंडियम या मऊ धातूच्या तारेच्या सीलखाली एक केस सापडला, आणि ते सील मीच बसवले होते. त्या मे महिन्यात बाबा फोनवर म्हणाले होते, "इथं आमी उन्हानं भाजून राह्यलो, अन् तू तिकडं काय थंडं करून राह्यला?"

बी.एस्सी.ला असाल तर जॅम आणि जेस्ट या प्रवेश परीक्षांची तयारी कराच, पण एम.एस्सी.चा प्रकल्प निवडताना सिद्धान्ताच्या मोहात न पडता निर्वात, कमी तापमान किंवा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातल्या केंद्रकांचा रेडिओ संकेत मोजण्याचे तंत्र) यांपैकी काही हाताळायला मिळेल असा निवडा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर सुविधा आहे, आणि तिथल्याच तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनचे प्रयोग चालतात. तालुक्याच्या महाविद्यालयात यातले काही नसेल, तर सुटीत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकांना एवढे अवश्य विचारावे, की टार्गेटचा पदार्थ तिथेच तयार होतो की बाहेरून येतो, आणि सूक्ष्मलहरी बंद असतानाचा तो 0.25 टक्क्यांचा क्षीण एनएमआर संकेत कोण आणि किती वेळ मोजतो, कारण पुढचा प्रत्येक आकडा त्याच संकेताशी ताडून काढलेला असतो.