आशियाई सिनेमात आपला दिग्दर्शक कसा शोधावा

ठाणे किंवा नवी मुंबईतील चित्रपटप्रेमी मंडळींमध्ये आशियाई सिनेमाचा विषय निघाला, की नवखा प्रेक्षक हमखास विचारतो, ‘सुरुवात कुठून करू?’ उत्तरादाखल त्याच्या हाती बहुधा एक लांबलचक यादी पडते. तीत जपानचे चार, कोरियाचे तीन, इराणचे दोन आणि फ्रान्समधील कान महोत्सवात गाजलेला एखादा चित्रपट असतो. अशी यादी पूर्ण करणाऱ्याला नावे पाठ होतात, पण आवड तयार होतेच असे नाही. म्हणून देशवार आणि पुरस्कारवार याद्या सुरुवातीला बाजूला ठेवाव्यात, एकच दिग्दर्शक निवडावा आणि त्याचे तीन चित्रपट लागोपाठ, शक्यतो महिन्याभराच्या आत पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या चित्रपटात आपण कथेच्या मागे असतो. दुसऱ्यात दिग्दर्शकाच्या सवयी लक्षात येऊ लागतात: तो कॅमेरा कुठे ठेवतो, कोणत्या प्रसंगाला वेळ देतो, कोणता प्रसंग दाखवायचेच टाळतो. तिसरा संपेपर्यंत हा दिग्दर्शक आपला आहे की नाही, याचा निर्णय बहुतेक वेळा झालेला असतो.

पहिला दिग्दर्शक निवडताना आपल्याला मराठी आणि हिंदी चित्रपटांत काय भावते, याचा प्रामाणिक विचार करावा. कुटुंबाच्या कथा आवडत असतील तर जपानचा यासुजिरो ओझु किंवा हिरोकाझू कोरेएडा घ्यावा. ज्यात प्रत्येकाची बाजू पटते आणि तरीही पेच सुटत नाही अशा कथा आवडत असतील तर इराणचा असगर फरहादी घ्यावा. गुन्हा आणि तपास यांत मन रमत असेल तर कोरियाचा बाँग जून-हो, आणि घरात शाळकरी मुले असतील तर इराणचा माजिद मजिदी किंवा जपानचा ॲनिमेशनपट करणारा हायाओ मियाझाकी. केवळ थोर म्हणून नावाजला गेला आहे या कारणासाठी कोणाचीही निवड करू नये.

ओझुची तीन पावले

ओझुची ओळख ‘टोकियो स्टोरी’ने (1953) करून घ्यावी. ओनोमिची या किनाऱ्यावरच्या गावातून वृद्ध आईवडील टोकियोतील मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर आहे, मुलीचे ब्युटी पार्लर आहे आणि दोघांनाही खरोखरच वेळ नाही. गावाहून आलेल्या आईवडिलांना ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये चार दिवस ठेवून घेताना ज्यांची ओढाताण झाली आहे, त्यांना यातले कोणीही खलनायक वाटणार नाही. युद्धात नवरा गमावलेली सून नोरिको सासूसासऱ्यांना आपल्या एका खोलीत घेऊन येते, तो प्रसंग लक्षपूर्वक पाहावा. पाहुण्यांना देण्यासाठी घरात साके ही जपानी दारू नाही, म्हणून ती शेजारणीकडे जाऊन ती मागून आणते आणि त्यासाठीची भांडीही तिच्याकडूनच घेते. शेजाऱ्यांच्या दारातली ही ये-जा ओझु घाई न करता दाखवतो. सख्ख्या मुलांच्या घरी जे मिळाले नाही ते या खोलीत मिळते आहे, हे त्यासाठी कोणाला बोलून दाखवावे लागत नाही.

दुसरा चित्रपट ‘लेट स्प्रिंग’ (1949) असावा. विधुर वडील आणि त्यांना सोडून लग्न करण्यास तयार नसलेली मुलगी, एवढीच गोष्ट आहे. येथे आपल्याकडच्या प्रेक्षकाला खरा धक्का बसतो, कारण सारी कथा ज्या लग्नाभोवती फिरते ते लग्न ओझु दाखवतच नाही आणि नवरामुलगाही पडद्यावर येत नाही. तिसरा ‘ॲन ऑटम आफ्टरनून’ (1962) हा त्याचा अखेरचा चित्रपट रंगीत आहे. पुन्हा वडील, पुन्हा लग्नाची मुलगी आणि वडिलांच्या भूमिकेत पुन्हा चिशू र्यूच. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला किंवा त्याहूनही खाली लावलेला कॅमेरा, दोन प्रसंगांच्या मध्ये येणारे रिकाम्या खोल्यांचे आणि गल्ल्यांचे दृश्य, गाळलेले मोठे प्रसंग, हे सारे तिसऱ्या खेपेस ओळखीचे झालेले असते. हा माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगतो अशी तक्रार पहिल्या चित्रपटानंतर शक्य असते. तिसऱ्यानंतर त्याच गोष्टीतले बारीक फरक पाहण्याची गोडी लागते.

किआरोस्तामीचा क्रम मोडू नये

इराणच्या अब्बास किआरोस्तामीच्या बाबतीत हा मार्ग आयताच आखलेला आहे. ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ (1987) मध्ये अहमद नावाच्या मुलाच्या दप्तरात वर्गमित्राची वही चुकून येते. पुन्हा वहीत गृहपाठ केला नाही तर शाळेतून काढीन, अशी तंबी गुरुजींनी त्या मित्राला दिलेली आहे, म्हणून अहमद कोकेर गावातून टेकडीपलीकडच्या पोश्ते गावी मित्राचे घर शोधत जातो. मोठी माणसे त्याचे ऐकतच नाहीत. टेकडीवरून नागमोडी जाणाऱ्या त्या पायवाटेवर धावणारे पोर पाहताना मनात जी धाकधूक होते, ती कितीतरी थरारपटांना साधलेली नाही. पुढे 1990 मध्ये या भागात भीषण भूकंप झाला. ‘अँड लाइफ गोज ऑन’ (1992) मध्ये पहिल्या चित्रपटातील मुलांचा ठावठिकाणा शोधण्यासाठी एक दिग्दर्शक मुलाला घेऊन मोटारीने तिकडे निघतो, आणि ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’मध्ये (1994) या दुसऱ्या चित्रपटातील एका प्रसंगाच्या चित्रीकरणामागची कथा येते. क्रम बदलला तर पुढच्या दोन चित्रपटांचा अर्धा अर्थ हरवतो. हे तीन झाल्यावर ‘क्लोज-अप’ (1990) जरूर पाहावा. मोहसेन मखमलबाफ या दिग्दर्शकाचे नाव लावून एका कुटुंबात वावरलेल्या माणसाचा खटला आणि ती खरी माणसे त्यात आहेत. माझ्या लेखी आशियातल्या सर्वोत्तम दहा चित्रपटांत त्याची जागा पक्की आहे.

ऐरोली किंवा महापेच्या कार्यालयांत काम करणाऱ्या मित्रांना मी आवर्जून तैवानचा एडवर्ड यांग सुचवतो. विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण आणि अमेरिकेत संगणक क्षेत्रातील नोकरी, असा प्रवास करून तो चित्रपटांकडे वळला होता. ‘यी यी’साठी (2000) त्याला कान महोत्सवात सर्वोत्तम दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. तैपेईतल्या इमारतीत राहणारे कुटुंब, संगणक कंपनीतल्या भागीदारीला विटलेले वडील आणि लोकांच्या डोक्याची मागची बाजू कॅमेऱ्यात टिपणारा लहानगा यांग-यांग हे सारे त्यात आहे. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, तेव्हा ती आपण दाखवावी, असा त्या मुलाचा साधा हिशेब असतो. हा चित्रपट 173 मिनिटांचा आहे. त्यानंतर ‘तैपेई स्टोरी’ (1985) आणि ‘द टेररायझर्स’ (1986) घ्यावेत. ‘अ ब्रायटर समर डे’ (1991) जवळजवळ चार तासांचा असल्याने त्यासाठी सुट्टीचा दिवस राखून ठेवावा.

कोरियाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो आता बहुतेकांच्या परिचयाचा आहे. बाँग जून-होची सुरुवात ऑस्कर मिळवणाऱ्या ‘पॅरासाइट’ऐवजी (2019) ‘मेमरीज ऑफ मर्डर’ने (2003) करावी, मग ‘मदर’ (2009) पाहावा आणि ‘पॅरासाइट’ तिसरा ठेवावा. पार्क चान-वूकचे चित्रपट मुलांसोबत पाहण्याचे नव्हेत. ली चांग-डाँगचा ‘पोएट्री’ (2010) मात्र कोणत्याही वयाच्या सुजाण प्रेक्षकाने पाहावा.

हाँगकाँगच्या वाँग कार-वायसाठी ‘डेज ऑफ बीइंग वाइल्ड’ (1990), ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ (1994) आणि ‘इन द मूड फॉर लव्ह’ (2000) हा क्रम चांगला. अलीकडच्या पुनर्संस्करणात त्याने काही चित्रपटांच्या रंगांत स्वतःच बदल केले आहेत, त्यामुळे आपण कोणती आवृत्ती पाहत आहोत हे आधी तपासावे.

आपल्या घरचा सिनेमाही या शोधात असायला हवा. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (2014) आणि ‘द डिसायपल’ (2020) हे दोन चित्रपट ओझु किंवा यांग पाहिल्यानंतर पुन्हा पाहावेत. दुरून, स्थिर कॅमेऱ्याने पाहणे आणि निष्कर्ष प्रेक्षकावर सोपवणे ही परंपरा आशियात किती खोलवर आहे, हे तेव्हा आपल्या भाषेत जाणवते.

पाहण्याची व्यवस्था

मूळ ध्वनीसह आणि सबटायटल्स लावूनच पाहावे. डबिंगमध्ये अभिनयाचा अर्धा भाग नाहीसा होतो. घरातल्या ज्येष्ठांना इंग्रजी सबटायटल्स वाचणे जड जात असेल, तर कानेतो शिंदोचा ‘द नेकेड आयलंड’ (1960) निवडावा. एका निर्जल बेटावर राहणारे जोडपे शेजारच्या बेटावरून होडीने पाणी आणते आणि खांद्यावरच्या कावडीने ते टेकडी चढून शेतापर्यंत नेते. संवाद जवळजवळ नाहीतच. पाण्याच्या वजनाने वाकलेली कावड आणि जपून टाकलेले प्रत्येक पाऊल पाहताना, खेड्यात पाणी भरलेल्या आजीला काहीही समजावून सांगावे लागत नाही. लहान मुलांसाठी मियाझाकीचा ‘माय नेबर टोटोरो’ उत्तम आहे; परंतु 1988 मध्ये त्याच्याच जोडीने प्रदर्शित झालेला इसाओ ताकाहाताचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ केवळ ॲनिमेशन आहे म्हणून मुलांपुढे लावू नये. युद्धात होरपळलेल्या भावंडांची ती कथा मोठ्यांनाही सोसत नाही.

ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ठाणे ते वाशी मोबाइलवर चित्रपट पाहण्याचा मोह आवरावा. गर्दीत सबटायटल्स निसटतात, आणि या दिग्दर्शकांची शांतता गाडीच्या खडखडाटात ऐकू येत नाही. तो वेळ पाहिलेल्या चित्रपटाविषयी वाचण्यासाठी वापरावा. घरी पाहताना मध्यंतर घेऊ नये. अपवाद जपानच्या अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’चा (1954), कारण 207 मिनिटांच्या त्या चित्रपटात मध्यंतर दिग्दर्शकानेच ठेवलेले आहे.

चित्रपट शोधताना नावांचा घोळ टाळावा. जपानी, कोरियन आणि चिनी नावांत आडनाव आधी येते, परंतु जपानी नावे इंग्रजीत बहुधा उलटवली जातात. त्यामुळे नाव दोन्ही क्रमांनी शोधून पाहावे आणि शीर्षकासोबत प्रदर्शनाचे वर्ष जोडावे. ‘ओल्डबॉय’सारख्या चित्रपटाच्या नंतर आवृत्त्या निघालेल्या असल्याने वर्ष न पाहिल्यास 2003 च्या कोरियन चित्रपटाऐवजी 2013 चा अमेरिकी चित्रपट समोर येतो.

तीन-चार मित्रांनी मिळून घरी पाहणे सर्वांत चांगले. सोसायटीच्या सभागृहात सर्वांसाठी प्रदर्शन करायचे असेल, तर ओटीटीची वैयक्तिक वर्गणी त्यासाठी पुरेशी नसते. हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. त्यापेक्षा एखाद्या फिल्म सोसायटीचे सदस्य व्हावे. मुंबईतील प्रभात चित्र मंडळ 1968 पासून हे काम करत आहे, आणि तेथे चित्रपटानंतर जाणकारांशी बोलण्याची संधी मिळते, ती घरी मिळत नाही.

आवडीची यादी करताना आधी दिग्दर्शकाचे नाव लिहावे, त्याखाली पाहिलेले चित्रपट, आणि प्रत्येकासमोर कथा न लिहिता मनात राहिलेले एकच दृश्य नोंदवावे. दृश्य आठवत नसेल तर तो चित्रपट, कितीही नावाजलेला असला तरी, आपल्या यादीत धरू नये. क्रमांक देण्याची घाई करू नये. एका दिग्दर्शकाचे तीन चित्रपट पाहूनही मन रमले नाही, तर त्याला खुशाल बाजूला ठेवून दुसरा घ्यावा. ओझुपाशी न थांबलेला प्रेक्षक कुरोसावापाशी थांबू शकतो.

अशी पाच-सहा नावे जमली, की मुंबईतील थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव किंवा पुण्यातील पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) यांच्या वेळापत्रकाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. ओळखीच्या दिग्दर्शकाचा नवा चित्रपट असेल त्यावर आधी खूण करावी, उरलेल्या वेळांत ज्या देशाचा एकही चित्रपट पाहिलेला नाही त्याचे पदार्पणाचे चित्रपट घ्यावेत, आणि जे जुने अभिजात चित्रपट घरी सहज उपलब्ध आहेत ते महोत्सवात सोडून द्यावेत.