व्हिव्हियन मायरसारखे रस्त्यावरचे चेहरे टिपताय? या चुका टाळा

व्हिव्हियन मायर न्यूयॉर्क आणि शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची आणि गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा अडकवून रस्त्यांवर फिरायची. २००७ साली तिच्या गोदामातल्या सामानाचा लिलाव झाला आणि तिने काढलेले फोटो जगासमोर येऊ लागले. २००९ मध्ये ती गेली. तिचे फोटो पाहून कॅमेरा उचलणारे बरेच जण आपला फोटो आधी कृष्णधवल करून टाकतात. पहिली चूक हीच. मायरने पुढे रंगीत फोटोही भरपूर काढले. तिच्या चेहऱ्यांमधली भावना आली आहे ती मुख्यतः कॅमेऱ्याच्या उंचीमुळे आणि समोरच्यापासून राखलेल्या अंतरामुळे.

आधी उंची. रोलायफ्लेक्समध्ये वरून, मान खाली घालून पाहतात. कॅमेरा पोटाशी किंवा छातीशी राहतो, फोटो काढणारीचा चेहरा झाकला जात नाही, आणि समोरच्याला कोणी आपल्यावर नेम धरलाय असं वाटत नाही. शिवाय लेन्स किंचित खालून वर पाहते, त्यामुळे साधा वाटसरूही चौकटीत ताठ उभा राहतो. आपण मात्र बसलेल्या भाजीवालीचा फोटो उभ्याने, वरून काढतो आणि मग तो केविलवाणा का दिसतो म्हणून विचार करत बसतो. कॅमेऱ्याचा स्क्रीन वळत असेल तर तो छातीशी धरा. मोबाइल उलटा धरला की लेन्स खाली जाते. समोरचा माणूस बसलेला असेल तर सरळ खाली बसा.

दुसरी चूक म्हणजे रस्त्यापलीकडून २०० एमएमची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स लावणं. चेहरा मोठा येतो, पण त्याचं तुमच्याशी काही नातं नसतं. रोलायफ्लेक्सची ७५ किंवा ८० एमएमची लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) साधारण ४०-४५ एमएमसारखी पडते, म्हणजे माणूस चौकटीत भरायला दोन-तीन मीटरवर जावंच लागतं. तिच्या कितीतरी फोटोंत लोक थेट लेन्सकडे पाहतात. कँडिड, म्हणजे पोज न देता टिपलेला फोटो, चोरूनच काढायचा असतो, हा समज मला म्हणूनच अजिबात पटत नाही.

जवळ गेल्यावर फोटो हलतो किंवा फोकस चुकतो? ४० एमएमला अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवा, शटर १/२५० सेकंद आणि फोकस आधीच तीन मीटरवर लावून ठेवा. फुल-फ्रेमवर साधारण दोन ते पाच मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. सावलीत आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. भर दुपारी डोळ्यांखाली काळे खड्डे पडत असतील तर दुकानाच्या छपराच्या कडेशी थांबा, तिथे जमिनीवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर येतो. मोबाइलचा मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण मागची गल्ली पुसली गेली की माणूस कुठे उभा आहे हेच कळत नाही.

बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ धडाधड फोटो काढणंही नको. मायरच्या फिल्म रोलमध्ये फक्त १२ फोटो मावत.

आणि फक्त झोपलेल्या, भीक मागणाऱ्या माणसांमागे लागू नका. मायरने फरचे कोट घातलेल्या श्रीमंत बायकाही तितक्याच बारकाईने पाहिल्या. कोणी हात आडवा केला तर कॅमेरा खाली घ्या. कोणी फोटो दाखवायला सांगितला तर दाखवा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच डिलीट करा. लहान मुलांचे फोटो तर सोबतच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय ऑनलाइन टाकूच नका.