गणपतीत जळणारे पंखे

श्रावण संपत आला की मी दुकानातली टेबलाखालची जागा रिकामी करून ठेवतो. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत तिथे पंख्यांची रांग लागते. देवगडजवळच्या जामसंड्यात मी पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप भरतो. भरतो म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळतो. या दिवसांत येणाऱ्या बहुतेक टेबलफॅनचं दुखणं एकच असतं. मुंबईहून चाकरमानी उतरतो, वर्षभर कुलूप लागलेलं घर उघडतो आणि केर काढायच्या आधी पंख्याचं बटण दाबतो. ‘पंखो नुसतो गुणगुणता, फिरणा नाय.’ फिरेल थोड्या वेळाने, असं म्हणून तो बटण तसंच ठेवून विहिरीवर जातो. परत येतो तेव्हा खोलीभर जळक्या वॉर्निशचा वास.

म्हणून पहिली गोष्ट: पंखा गुणगुणतोय पण फिरत नाही असं दिसलं, की बटण बंद. त्याच क्षणी. बाकी सगळं नंतर.

स्वस्त टेबलफॅनमध्ये सहसा बॉल बेअरिंग नसतं. शाफ्टच्या, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याच्या, दोन टोकांना पितळी रंगाचे छोटे बुश असतात. धातूची पूड दाबून, भट्टीत भाजून ते करतात, आणि त्यांच्या बारीक छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. भोवती नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती असते, तीही तेल पिऊन बसलेली. कंपनीतून आलेलं हे तेल काही उन्हाळे पुरतं, मग उरतो काळा चिकटा. त्यावर आमचा पाऊस आणि खारी हवा. घर बंद, भिंतींना ओल, शाफ्टवर तांबूस गंज. शाफ्ट आणि बुशमधली फट केसाहून बारीक, तेवढा गंज आणि चिकटा तिथे पुरे होतो. आमच्याकडे पंखा चालून कमी बिघडतो, पडून राहून जास्त.

गणपतीत आणखी एक भर पडते. वाडीतली सगळी घरं उघडी, संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 च्या जागी 180 आले, तर जोर राहतो 60 टक्क्यांच्या आसपास. सुका बुश तेवढ्या जोराला दाद देत नाही. पंखा स्वतःच्याच वाऱ्याने थंड राहत असतो. पातं थांबलं की तो वाराही गेला. वाइंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तार, तापतं, तारेवरचं इनॅमल करपतं, वेढे एकमेकांना चिकटतात.

आता हाताने करायचं काम. प्लग काढा. पुढची जाळी उतरवा. पात्याची टोपी बहुतेक पंख्यांत उलट्या आट्याची असते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. जोर लावून उलटं फिरवणारे दर वर्षी दोन-चार टोप्या फोडून आणतात. पातं काढल्यावर शाफ्ट दोन बोटांत धरून झटका द्या. तो चार-पाच वेढे सहज फिरला पाहिजे. बोट सोडताच थांबला तर बुश सुका आहे.

मागचं कव्हर काढा. चिंधीला थोडं रॉकेल लावून शाफ्ट दिसतो तेवढा पुसा, बुशच्या तोंडाशी एक-दोन थेंब सोडून शाफ्ट फिरवत राहा. काळं-तांबडं पाणी येईल ते टिपून घ्या. रॉकेल पूर्ण उडू द्या, मग शिलाई मशीनचं तेल, पुढे तीन थेंब, मागे तीन थेंब. पंखा आडवा-उभा करून हाताने फिरवा म्हणजे नमद्यात मुरेल. जास्त ओतलं तर ते वाइंडिंगवर उतरतं आणि धूळ धरून बसतं. मोटर उघडलीच असेल तर चारही स्क्रू एकदम आवळू नका. कर्णावरचे दोन-दोन थोडे थोडे आवळा, मध्ये मध्ये शाफ्ट फिरवून बघा. घट्ट वाटला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कवचावर हलके ठोके द्या. बुश आपोआप सरळ बसतात आणि शाफ्ट एकदम मोकळा होतो. तो मोकळा झालेला हाताला कळतो.

वाडा गावातल्या एका काकांनी पंखा आणला. विचारलं, तेल कुठलं घातलंत? ‘घरचा खोबऱ्याचा त्याल घातलंय, शुद्ध.’ शुद्धच होतं. हवा जरा गार झाली की थिजतं आणि पुढे डिंकासारखं होतं, एवढंच. गंज सोडवायचा स्प्रेही तसाच फसवा: पंखा दोन दिवस पळतो, पण स्प्रे उरलंसुरलं तेल धुऊन उडून जातो. ग्रीस बुशला लावू नये, छिद्रं बुजतात. ते मान हलवणाऱ्या गिअरसाठी.

शाफ्ट मोकळा आहे, तरी पातं काठीने ढकलल्यावरच सुरू होतं? मग मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कंडेन्सर गेला. तेवढ्याच आकड्याचा, 440 व्होल्टचाच आणा. जास्त पळावा म्हणून 2.5 मायक्रोफॅरडच्या जागी 3.15 चा घालणारे आहेत. त्यांचे पंखे पुढे माझ्याकडेच भरायला येतात, तेव्हा मी काय तक्रार करू?

पंखा गुणगुणतही नाही, अगदी मेलेला, पण जळका वास नाही. वायर, स्विच ठीक. अशा वेळी वाइंडिंगच्या पट्टीखाली दडलेला थर्मल फ्यूज, म्हणजे मोटर फार तापली की वीज तोडणारा, उडालेला असतो. तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. काही जण तो काढून वायर सरळ जोडतात. पुढच्या वेळी बुश अडकला की मग थांबवणारं कोणी नाही, आणि शेजारी पेट घेणारा पडदा असतो. तसाच फ्यूज घाला, दाबून जोडा. सोल्डरिंगच्या उष्णतेनेच नवा उडतो.

न्यूट्रल तुटून 300 व्होल्ट घरात शिरले तर मात्र तेल-कंडेन्सर कशाचाच उपयोग नाही. तौक्ते वादळानंतर, मे 2021 मध्ये, असे पंखे मी किती भरले ते मोजलं नाही.

विकत घेताना दोन पंखे दोन हातांत धरून बघा. हलका तो बहुधा ॲल्युमिनियमच्या तारेचा. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि खाऱ्या हवेत जोडावर पांढरी भुकटी धरून तार तुटते. तांब्याचा जळला तरी मी भरून देतो. ॲल्युमिनियमचा भरायची मजुरी नव्या पंख्याच्या जवळ जाते, मी तसं सांगून टाकतो.

छताच्या पंख्याला बेअरिंग असतं, त्याचा त्रास कमी. आवाज करायला लागला की 6201 आणि 6202 नंबरची बेअरिंगं बदलून घ्या.

मुंबईला परतताना पंख्याला तेल द्या, जुन्या साडीत गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. चावी शेजारच्या वहिनींकडे असेल तर पंखा बाहेरच ठेवून जा आणि पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं फिरवायला सांगा. पुढच्या वर्षी घर उघडलं की आधी पातं बोटाने फिरवून बघायचं, मग प्लग लावायचा, आणि पहिलं बटण सगळ्यात जोराचं दाबायचं. एकवर सुरू करायला मोटरला सगळ्यात जास्त कष्ट पडतात.