मृत्युपत्र धडधाकट असतानाच करा, कसं करायचं ते सांगतो

आपल्याकडं मृत्युपत्राचा विषय काढला की म्हातारे म्हणतात, काय रे, माझ्या मरणाची वाट बघायलास का, आन तिथंच बोलणं बंद होतं. मग माणूस गेला की तेरावं व्हायच्या आधीच सातबाऱ्याची चर्चा चालू. लातूर, बीड, परभणी, कुठल्याबी तालुक्याला जावा, वारस नोंदीवरून सख्खे भाऊ भांडायलेत. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्या नावावर अर्धा एकर जरी असंल त्यानं लिहून ठेवावं, वय पस्तीस का असंना.

नाही लिहिलं तर काय होतं ते आधी बघा. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणं बायको, पोरं, पोरी आन आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. समजा एखाद्यानं स्वतःच्या पैशानं पाच एकर घेतलंय, मागं बायको, आई, दोन पोरं आन एक पोरगी, तर बायकोच्या वाट्याला एक एकर. जन्मभर त्या रानात खुरपणारीला एक एकर, आन राहत्या घरातबी पाचवाच हिस्सा! पोरं पुण्याला कंपनीत लागलेली असतेत, त्यांनी म्हणलं विकून टाकू, तर तिनं जायचं कुठं? म्हणून घर आन पोटापुरतं रान तिच्या नावानं स्पष्ट लिहा. "पोरांनी आईला सांभाळावं" एवढं लिहून काही होत नाही.

बायांनी तर नक्कीच करावं. लेकरू नाही आन नवराबी वारलाय अशी एखादी शिक्षिका असंल, तिनं स्वतःच्या पगारातून प्लॉट घेतला तरी मृत्युपत्र नसलं तर तो आधी नवऱ्याच्या वारसांकडं जातो, म्हणजे सासरच्या माणसांकडं, तिच्या आईबापाचा नंबर त्यांच्या नंतर. हे कितीतरी जणींना माहीतच नसतं.

आता काय लिहिता येतं. स्वतः कमावलेलं कुणालाबी देता येतं. वडिलोपार्जित असंल तर फक्त आपल्या हिश्श्यापुरतं, आन त्यात 2005 पासून पोरींचा जन्मानंच हक्क आहे, तेव्हा पोरींना वगळून सगळं रान पोरांना लिहिलं तर ते टिकणार नाही. मुस्लिम घरांत साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, आन वारसालाच जास्तीचं द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागती.

लिहायला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. पण लिहा मात्र नीट. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, गावातल्या घराचा नमुना 8 चा (म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर उताऱ्याचा) नंबर, बँक खाती, सोनं, आन देणं-घेणंबी. आपल्याकडं एक गोष्ट हमखास राहून जाती, ती म्हणजे विहीर, बोअर आन वाट. रान दोघांत वाटलं पण विहीर एकाच्या तुकड्यात गेली, मग दुसऱ्यानं पाणी कसं घ्यायचं, मोटार कुणाची, लाईटचं मीटर कुणाच्या नावावर, बैलगाडी कुठून न्यायची, हे सगळं लिहा. बांधावरची निम्मी भांडणं ह्याच्यातूनच होतेत. एखाद्या लेकराला कमी देणार असाल तर कारणबी दोन ओळीत लिहा, म्हणजे मागून "बापाला फसवून लिहून घेतलं" म्हणायला जागा राहत नाही.

सही किंवा अंगठा प्रत्येक पानावर, तारीख आन गाव घाला. दोन साक्षीदार लागतेतच, त्यांनी तुम्हाला सही करताना बघून सह्या करायच्या (भारतीय उत्तराधिकार कायदा 1925, कलम 63). ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार घेऊ नका. आन साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान बघा, कारण उद्या कोर्टात सांगायची वेळ आली तर तो हयात पाहिजे. वय जास्त असंल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, की माणूस शुद्धीत आहे, समजून सही करायलाय.

नोंदणी सक्तीची नाही, पण मी म्हणतो कराच. दुय्यम निबंधकाकडं होती, स्टॅम्प ड्युटी नाही, फी किरकोळ. माणूस अंथरुणाला खिळला असंल तर अर्ज केल्यावर अधिकारी घरीबी येऊ शकतेत.

बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून बसू नका, नॉमिनीच्या हातात पैसे पडतेत पण हक्क वारसांचाच राहतो.

मन बदललं तर कधीबी नवीन करा, शेवटचंच धरल्या जातं, फक्त त्यात "आधीची सगळी रद्द" असं लिहा. मूळ कागद कुठं ठेवलाय ते घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा. माणूस गेल्यावर मृत्यूचा दाखला आन मृत्युपत्र घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यावर नवीन नाव चढवायला, अर्ज द्यायचा आन पोच मागून घ्यायची.