नाशिकमध्ये कुत्र्या-मांजराची तब्येत वर्षभर कशी सांभाळावी

सुरुवात लसीपासून नको, वजनापासून करा. काट्यावर आधी एकट्यानं उभं राहायचं, मग कुत्र्याला कडेवर घेऊन. वजाबाकी केली की झालं. मांजर कडेवर टिकत नाही, त्याला बाजाराच्या पिशवीत बसवा, तिथे ते स्वतःच शिरतं. आकडा तारखेसह लसींच्या कार्डामागे लिहा. जंताचं औषध काय, गोचिडांची गोळी काय, सगळं किलोवर ठरतं.

कुत्र्याच्या पिल्लाला 6 ते 8 आठवड्यांचं असताना पहिली लस, मग दर 3-4 आठवड्यांनी, साधारण 4 महिन्यांचं होईपर्यंत. एकच इंजेक्शन का पुरत नाही? आईच्या दुधातून आलेली ताकद अंगात असेपर्यंत ती लसीलाही दाबून टाकते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे कुणाला सांगता येत नाही. डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका, पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. रेबीजची लस 3 महिन्यांनंतर, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. मांजरालाही. ‘आमची मनी घराबाहेर जातच नाही’ हे मी मान्य करत नाही. खिडकी उघडी असते आणि गल्लीतला बोका आत येतो. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या.

जंताचं औषध 3 महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, 6 महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर साधारण दर 3 महिन्यांनी.

पावसाळ्याची तयारी मेमध्येच. गोदावरीचं पाणी घाटावर चढतं, गल्लीत डबकी साचतात, त्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि लेप्टो नावाचा आजार पसरतो. तो माणसालाही होतो. कुत्र्याचा लेप्टोच्या लसीचा वार्षिक डोस त्याआधी उरकलेला बरा. फिरून आलं की बोटांच्या बेचक्यात, कानात, पट्ट्याखाली गोचीड शोधा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल नको, जळती काडी तर नकोच. कुत्रं जेवेनासं झालं तर ओठ उचलून हिरडी अंगठ्यानं दाबा. पांढरा पडलेला ठिपका 2 सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडीच फिकट दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोचीडतापात रक्त झपाट्यानं कमी होतं.

कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराच्या जिवावर बेततं. तापाची आपली पॅरासिटामॉलही मांजराला विषच.

आता खास नाशिककरांसाठी. जानेवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, आणि त्या जमिनीवरच ठेवल्या जातात. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. एकाला घडभर पचतात, दुसऱ्याला थोडीही भोवतात. लासलगावचा कांदाही तसाच, कच्चा असो वा रश्श्यातला. कुत्र्या-मांजराच्या तांबड्या रक्तपेशी तो फोडतो. उरलेली भाजी-पोळी म्हणूनच भांड्यात ओतू नका. द्राक्षं खाल्लीच तर उलटीची वाट बघत बसू नका, मिठाचं पाणीही पाजू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा आणि किती खाल्ली, किती वाजता आणि कार्डामागे लिहिलेलं वजन, एवढं सांगा.