ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार ट्रॅकवर कशी पळवायची (रत्नागिरीहून निघणाऱ्यांसाठी)

ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर नेऊन पळवायच्या दिवशी, जायचं ठरवलं तेव्हा आमच्या काकांनी एकच प्रश्न विचारला, "गियर टाकायचेच नाहीत तर मग तू त्या गाडीत बसून करणार काय?" काका तरुणपणी बैलगाडी शर्यतींच्या मागे गावोगाव फिरलेले, त्यामुळे उत्तर देताना जरा जपूनच द्यावं लागतं. पण बहुतेक लोकांना हेच वाटतं की ऑटोमॅटिक म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि बसा. तसं असतं तर पहिल्या दिवशी चौथ्या लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) मी घाम पुसत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, परत आलो नसतो.

आधी रस्त्याचा विषय मिटवू. आपला मुंबई-गोवा हायवे जिथे जिथे चौपदरी झालाय तिथे रात्री अकरानंतर हात शिवशिवतात हे खरं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर परवानगीशिवाय रेस लावली तर पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर १०,००० पर्यंत, आणि तुरुंगवासही होऊ शकतो. आणि कायदा राहू दे, पावसाळ्यात रात्री उबेला डांबरावर येऊन बसलेली गुरं हेडलाइटमध्ये दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पुळणीवर गाडी नेऊन गोल फिरवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, रुतली की भरती काय थांबत नाही.

म्हणजे ट्रॅकच गाठायचा. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली होती, आणि आपल्याला सगळ्यात सोयीचं म्हणजे पुण्याजवळ मावळातलं नानोली, आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे जा नाहीतर कुंभार्ली घाटाने कराडमार्गे. सुरुवात ट्रॅक डेने करा. ती रेस नसते, ओव्हरटेक कुठे करायचं ते ठरवून दिलेलं असतं आणि घाई कुणाला नसते (असते, पण कुणी कबूल करत नाही). खरी रेस करायची तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) लायसन्स लागतं, ते नंतर.

निघायच्या आधी गाडीत गियरबॉक्स कुठला आहे ते नीट समजून घ्या, नुसतं "ऑटो आहे" म्हणून चालत नाही. एएमटी म्हणजे मॅन्युअल बॉक्सच, क्लच मशीन दाबतं, प्रत्येक गियरला मान पुढे जाते, ट्रॅकवर मजा नाही. सीव्हीटी बेल्टवर चालतो, त्याला तर घरीच ठेवा. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) दणकट असतो पण तेल तापतं. स्पोर्टी गाड्यांमध्ये बऱ्याचदा ड्युअल क्लच असतो, एक क्लच एक-तीन-पाच सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा, त्यामुळे पुढचा गियर आधीच लावून तयार असतो आणि बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. यातही ड्राय क्लच आणि तेलात बुडालेला वेट क्लच असा फरक आहे. ड्राय असेल तर उष्णता हा तुमचा मुख्य शत्रू. घाटात ट्रकच्या मागे ब्रेक सोडून इंच इंच सरकत राहिलात की क्लच अर्धवट घासत राहतो, म्हणजे ट्रॅकवर पोचायच्या आधीच त्याचा निम्मा जीव गेलेला. अंतर पडू द्या, मग एकदम पुढे घ्या. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेक दाबा.

आणि "ऑटोमॅटिक म्हणजे खरी ड्रायव्हिंग नाही" म्हणणारा कुणी भेटलाच तर त्याला सांगा, १९८९ मध्ये फेरारीने स्टिअरिंगमागे पॅडल (बोटांनी गियर बदलायच्या पट्ट्या) असलेला गियरबॉक्स फॉर्म्युला वनमध्ये आणला आणि पहिलीच रेस, ब्राझीलची, त्यांच्या नायजेल मॅन्सेलने जिंकली. २०१३ ची पोर्शे ९११ जीटी३ तर फक्त ड्युअल क्लचमध्येच आली होती.

आता तयारी. कोकणातल्या गाडीसाठी सगळ्यात वर ब्रेक फ्लुइड. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडे हवा म्हणजे अर्धं पाणीच, चार महिने कपडे वाळत नाहीत तिथे फ्लुइड कोरडं कसं राहणार. नवीन डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते. माझं तीन वर्षांचं जुनं होतं, इथल्या एका गॅरेजवाल्याने झाकण उघडून बघितलं आणि "चालेल हो" म्हणाला, मीपण मान डोलावली. चौथ्या लॅपला ते उकळलं आणि ब्रेकचं पेडल खाली गेलं ते जवळजवळ मॅटला टेकलं, गाडी थांबली पण वळणाच्या बरीच पुढे, मातीत. जायच्या आठवडाभर आधी बदलाच. पॅड अर्धे संपलेले असतील तर तेपण बदला. गाडी खाऱ्या वाऱ्यात उभी राहून डिस्कवर गंज धरलेला असतो, तो घाटातून जाताना थोडे ब्रेक मारले की निघतो, पण खड्डे पडले असतील तर डिस्क मेकॅनिकला दाखवा. डिकी रिकामी, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट बाहेर, पाण्याची बाटली बाहेर (ती ब्रेकखाली गेली की काय होतं ते कल्पना करून बघा). टो हूक (गाडी ओढून न्यायचा हूक) गाडीतच ठेवा. हेल्मेट बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतं, तरी आधी विचारून घ्या.

ट्रॅकवर पोचलात की टायरची हवा थंड असताना बघा आणि आकडा लिहून ठेवा. दोन-चार जोरात लॅप मारल्यावर ती चार-सहा पीएसआय सहज वाढते, मग गाडी वळणात घसरायला लागते, तेव्हा गरम असतानाच थोडी थोडी काढायची.

आता मुख्य भाग, आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. गियरबॉक्सला तुमचा पाय कळतो, स्पीड कळतो, इंजिनचे आरपीएम (मिनिटाला किती फेरे) कळतात, पण पुढचं वळण दिसत नाही. डी मध्ये ठेवून तुम्ही वळणात शिरलात आणि पाय जरा उचललात की तो समजतो की साहेब निवांत आहेत, आणि पाचवा टाकून देतो. मग वळण अर्धं झाल्यावर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, तो एक क्षण विचार करतो आणि एकदम दोन गियर खाली येतो, सगळी ताकद नको त्या क्षणी चाकांवर येते. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर नाक बाहेर जातं, मागच्या चाकांची असेल तर शेपूट. म्हणून मॅन्युअल मोड लावा आणि पॅडल स्वतः वापरा, बहुतेक गाड्यांत डावं खाली, उजवं वर.

क्रम असा ठेवा. सरळ रस्त्यावरच, स्टिअरिंग सरळ असताना, जोरात ब्रेक. पहिला दाब सगळ्यात मोठा, मग हळूहळू सोडायचा. स्पीड उतरायला लागला की डावं पॅडल, एक, थोडं थांबून दुसरा, एकदम टकटकटक करू नका, आरपीएम मीटरवरच्या लाल रेषेपलीकडे जाणार असतील तर बॉक्स ऐकणारच नाही, नुसता बीप देईल नाहीतर गप्प बसेल आणि तुम्हाला वाटेल गियर पडला. वळणात शिरताना गियर लागलेला असला पाहिजे. पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरतात, हात उलटेपालटे झाले की उजवं-डावं कळत नाही, म्हणूनच हे आधी. मग वळणाच्या आतल्या टोकाला लागलात की अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू, स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा पाय खाली. वर टाकताना लाल रेषेच्या जरा आधी टाका, बऱ्याच गाड्या मॅन्युअल मोडमध्येही शेवटी स्वतःच गियर वर टाकतात आणि ते नेमकं वळणाच्या तोंडावर झालं तर सगळा हिशोब बिघडतो.

बोटांना सवय आंबा घाट उतरतानाच लावा, साध्या स्पीडला. प्रत्येक वळणाआधी एक गियर खाली, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकही थंड राहतात. डाव्या पायाने ब्रेक मारायचा मोह होईल कारण तो रिकामाच आहे, पण पहिल्या दिवशी नको, क्लच दाबायची सवय असलेला पाय ब्रेकवर असा काही पडतो की मागच्याचं हृदय थांबतं. ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करू नका.

लाँच कंट्रोल (उभी गाडी झटक्यात सोडायची सोय) असेल तर एकदा करून बघा, सगळ्यांना करायचंच असतं. गाडी सरळ, स्पोर्ट मोड, डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजवा पूर्ण खाली, आरपीएम स्थिर झाले की ब्रेक एकदम सोडा. पण सारखं नको, क्लचला त्याचा सगळा मार बसतो.

पहिला लॅप गरम करायचा, मग तीन-चार जोरात, मग एक लॅप अगदी आरामात, ब्रेक न वापरता. जळका वास आला किंवा गियरबॉक्सचा दिवा लागला तर लगेच हळू व्हा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात, सपाट जागेवर पी मध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. झेंडे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये नीट ऐका. पिवळा म्हणजे पुढे गडबड, हळू आणि ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं, निळा म्हणजे मागून कुणीतरी फास्ट येतोय, त्याला जाऊ द्या. माझ्या मागे पहिल्या दिवशी निळा इतक्यांदा दाखवला की मला वाटलं ट्रॅकचाच झेंडा आहे.

संध्याकाळी परत निघताना चाकांचे नट एकदा टॉर्क रेंचने बघून घ्या. आणि दुपारी गरम टायरमधून काढलेली हवा परत भरा. मी विसरलो होतो, रात्री आंबा घाटात गारठ्यात टायर थंड झाले तेव्हा २६ पीएसआयवर प्रत्येक वळणाला गाडी बोटीसारखी डुलत होती, आणि साखरप्यापर्यंत हवा भरायला एकही दुकान उघडं नव्हतं.